कोमट पाना

माझं काम चष्म्याच्या काचा घासण्याचं. सत्तावीस वर्षं एकाच दुकानाच्या मागच्या खोलीत, एकाच खिडकीखाली बसून मी ते करते आहे. चिठ्ठीवरचा नंबर आणि काच यांत पाव नंबराचा फरक पडला तर गिऱ्हाईक जिन्यावर अडखळतं. त्यामुळे अंदाजपंचे काही करायची मला सवय नाही, आणि अंदाजपंचे काही सांगायचीही नाही. जे झालं ते झालं त्या क्रमाने सांगते.

माझ्या धाकट्या भावाला घरात आणि गल्लीत सगळे मिस्त्री म्हणत. नऊ वर्षांचा असताना त्याने गजराचं घड्याळ उघडलं आणि पुन्हा जोडलं. दोन स्क्रू उरले, तरी घड्याळ चालू राहिलं. ते दोन स्क्रू मुळातच जास्तीचे होते, असं त्याचं शेवटपर्यंत म्हणणं. पुढे सायकली, पंप, शेजाऱ्यांच्या मोटारी, काहीही उघडायचं असलं की तो खाली वाकलेला आणि पाने हातात द्यायला मी. वयाने मी मोठी, पण त्या कामात हाताखालची मीच.

मी सांगतेय त्या दिवसांच्या अकरा महिने आधी, एका रविवारी दुपारच्या आत तो गेला. घराला लागून पत्र्याचं गॅरेज आहे, तिथेच. गाडीची टायमिंग चेन सैल झाली होती. सकाळी गाडी सुरू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा. त्याने इंजिनाची पुढची बाजू उघडली, जुनी साखळी काढून वर्तमानपत्रावर ठेवली, आणि स्टुलावर टेकला. तेवढंच.

वहिनी बाळंतपणाची नर्स. वाड्यावस्त्यांवर जाऊन बायकांना तपासते, वेळ आली तर बाळंतपणही तिथेच करते. त्या दिवशी ती एका अवघडलेल्या बाईकडे होती. परत आली तेव्हा तो भिंतीला पाठ टेकून बसलेला. तिने मानेशी दोन बोटं लावली आणि किती वेळ झाला असेल ते तिच्या हातालाच कळलं. त्यानंतर तिने गॅरेजला कुलूप लावलं आणि आत पाऊल टाकलं नाही.

अकरा महिने ती बसने आणि पायी हिंडली. मग तिच्या ऑफिसातून पत्र आलं: पुढच्या महिन्यापासून तिच्याकडे डोंगराकडच्या सहा वस्त्या. तिकडे बस जात नाही. स्वतःचं वाहन नसेल तर टेबलावरचं काम घ्यावं. टेबलावरचं काम म्हणजे रजिस्टरं भरणं. वहिनी ते पत्र घेऊन माझ्याकडे आली आणि तिने ते माझ्यासमोर ठेवलं.

गावातला गॅरेजवाला येऊन बघून गेला. दुसऱ्याने अर्धवट उघडलेलं इंजिन आपण जोडत नाही, म्हणाला. मी दुकानातून नऊ दिवसांची रजा काढली. मालकांनी कारण विचारलं तेव्हा घरची दुरुस्ती आहे, असं सांगितलं. खोटं नव्हतं.

पहिल्या दिवशी वहिनीने कुलूप काढून किल्ली माझ्या हातात दिली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. थंडीचे दिवस होते. गॅरेजच्या पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत यायचं, पण जमिनीवरचा गारठा जात नसे. भिंतीला फळी, फळीवर मिस्त्रीने प्रत्येक पान्याची बाह्यरेषा काढलेली, त्या त्या जागी तो तो पाना. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याने काढलेले सगळे बोल्ट ज्या जागेचे त्या जागी खोचून ठेवले होते. नवी साखळी टेबलावर, पाकीट न फोडलेलं. गाडीची पुढची चाकं फळ्यांच्या उतारावर चढवलेली, बंपर काढून बाजूला उभा.

त्या दिवशी कोणीतरी इंजिनावर टाकलेली चादर मी काढली. अकरा महिने उघडं पडलेलं लोखंड. गंजाने खाल्लेलं असणार अशी माझी तयारी होती. पण दातेरी चाकांवर गंजाचा ठिपका नव्हता. बोट फिरवलं तर तेलाचा पातळ, एकसारखा थर लागला. तेल काळं नव्हतं, मधासारखं होतं. मिस्त्रीने काम थांबवण्याआधी चांगलं तेल चोपडलं असेल, असं मी वहीत लिहिलं. मी रोज केलेल्या कामाची वही ठेवत होते.

काम समजायला अवघड नाही. खाली क्रँक, तो पिस्टन वरखाली करतो. वर दोन कॅम, ते व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. साखळी या तिघांना एका तालात ठेवते. तिन्ही चाकांवर खुणा असतात, साखळीच्या तीन कड्या रंगवलेल्या असतात, रंगीत कडी खुणेवर बसली पाहिजे. एक दात इकडचा तिकडे झाला तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि मग इंजिन भंगारात. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात हे सगळं होतं, आणि समासात मिस्त्रीच्या पेन्सिलीतल्या सूचना. एके ठिकाणी लिहिलं होतं, 'घाई नको. चहा पी. बिनसाखरेचा.' ते वाचून मी हसले, मग पुस्तक मिटून घरी गेले.

दुसरा दिवस आणि तिसऱ्याची सकाळ झाकणाच्या सांध्यातला जुना चिकट मसाला खरवडण्यात गेली. झाकण जिथे बसतं ती कड आरशासारखी स्वच्छ हवी. वरचा भाग झाल्यावर मी गाडीखाली गेले. खालच्या तेलाच्या टाकीच्या कडेचे चार बोल्ट अजून तसेच होते. पाठीवर झोपून, मान वाकडी करून, एक हात वर आणि डोळ्यांत माती पडू नये म्हणून एक डोळा मिटलेला. हातातला पाना मोठा पडला. मी सवयीने हात बाहेर काढला आणि म्हटलं, "दहाचा दे."

म्हटल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. हात मागे घेणार तोच तळव्यावर पाना आला.

दहाचाच होता. ठेवला तोही नीट, दांडा माझ्याकडे करून, जसा मी मिस्त्रीला द्यायचे.

वहिनी आत आली, हे माझ्या मनात आलं आणि इतकं बरं वाटलं की मी मुद्दामच काही बोलले नाही. बावरलेल्या माणसाकडे बघितलं की ते मागे फिरतं. शिवाय एका बाजूला तेलाचा ट्रे आणि दुसऱ्या बाजूला उभा केलेला बंपर, त्यामुळे बाहेर कोण उभं आहे ते दिसतही नव्हतं. मी बोल्ट काढला, पुढचा पाना मागितला. तो आला. चौथ्या बोल्टला लांब दांडी लागणार होती. मी मागायच्या आधी ती हातात आली.

एकच गोष्ट ध्यानात राहिली. गॅरेजमधलं सगळं लोखंड त्या दिवशी बर्फासारखं होतं. मला दिलेले पाने कोमट होते, कोणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखे.

संध्याकाळी मी वहिनीला म्हटलं की आज फार मदत झाली. ती पायातले बूट काढत होती, घोट्यापर्यंत चिखल. कसली मदत, म्हणाली. ती सकाळी साडेसातच्या बसने गेली होती आणि आत्ता येत होती. मी विषय वाढवला नाही. मधल्या वेळात येऊन गेली असेल, कबूल करायला अवघड वाटत असेल, असं मी मनाशी धरलं. त्या दिवसाच्या पानावर मदतीबद्दल मी काहीच लिहिलं नाही, हे मात्र नंतर लक्षात आलं.

चौथ्या दिवशीही तेच. मी मागत गेले, मिळत गेलं. दोनदा मी चुकीचा नंबर सांगितला आणि हातात बरोबर आला. वहिनीला पान्यांचे नंबर कळत नाहीत, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे.

दुपारी हात धुवायला बाहेर आले तर समोरच्या घरातले ड्रॉइंगचे मास्तर फाटकाशी उभे. निवृत्त झाल्यापासून खिडकीत बसून ते गल्लीची चित्रं काढतात. मला म्हणाले, "कोणाला आणलंय हो मदतीला? सारखा पाठमोराच दिसतो."

वहिनी असेल, असं मी सांगितलं. मास्तरांनी मान हलवली नाही. विषय बदलून ते थंडीबद्दल बोलू लागले. त्यांचा चष्मा मीच घासलेला आहे. खिडकीपासून गॅरेजच्या दारापर्यंत तीस-पस्तीस फूट. त्या अंतरावर बाई आणि बुवा यांतला फरक त्यांना दिसतो, हे मला त्यांच्याइतकंच माहीत होतं.

मी गॅरेजमध्ये परत गेले नाही. वहिनीच्या घरात जाऊन बघितलं. खुंटीवर तिची तपासणीची पिशवी नव्हती, छत्रीही नव्हती. टेबलावर सकाळची कपबशी वाळून गेलेली.

भीती वाटली का? वाटली. मी पायऱ्यांवर बसून राहिले. पण त्या भीतीत पळून जावंसं वाटत नव्हतं, हे मला खरंखरं सांगितलं पाहिजे. लहानपणी ताप आल्यावर आई उशाशी बसून असायची, डोळे मिटलेले असूनही ती आहे हे कळायचं. तसं काहीसं. आणि काम अर्धं झालं होतं, रजेचे पाच दिवस उरले होते.

वहिनीला काही सांगायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. ती अकरा महिने उंबऱ्याबाहेर उभी होती. आत काय आहे हे मला कळल्याशिवाय तिला आत बोलावण्यात अर्थ नव्हता, आणि कळलं तर बोलवावं की नाही हेही ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी मी पारखून बघायचं ठरवलं. सगळे पाने फळीवर जागच्या जागी लावले. दार आतून कडी घालून बंद केलं. इंजिनाकडे तोंड करून उभी राहिले, हात मागे केला आणि साठ आकडे मोजले. काही झालं नाही. आणखी साठ मोजले. बाहेर कोणाची तरी सायकल गेली. पत्र्यावर पाखरं टकटक करत होती.

हात खाली घेतला तेव्हा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला रडू आलं. थोडा वेळ रडले, मग बाहीने नाक पुसलं आणि नव्या साखळीचं पाकीट फोडलं.

साखळी बसवायला दोन तास लागले. क्रँकची खूण, दोन्ही कॅमच्या खुणा, तीन रंगीत कड्या. बाजूच्या पट्ट्या लावल्या, साखळी ताणून धरणारा टेन्शनर बसवला, त्याची पिन ओढली. खट्ट करून साखळी ताठ झाली. मी कंदील जवळ नेऊन एकेक खूण बघितली. बरोबर वाटली.

आता क्रँकला हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे. दोन फेऱ्यांनंतर चाकांच्या खुणा परत जागेवर आल्या की काम खरं. मी क्रँकच्या बोल्टवर मोठा पाना चढवला, पाय रोवले आणि खाली दाबला.

हलला नाही.

पुस्तकात लिहिलं होतं, अडलं तर थांबा, जोर लावू नका. पण ते व्हॉल्व्ह पिस्टनला लागल्यावरचं. इथे तर काहीच फिरलं नव्हतं. एक अंशही नाही. पहिल्यांदा फिरवायला जड जातं, म्हणून मी अंगाचा भार टाकला.

पाना थोडा खाली गेला. आणि परत वर आला.

लोखंड असं अडत नाही. लोखंड अडलं की अडलं. हे मनगटासारखं होतं. कोणीतरी पलीकडून धरलंय, जोराला जोर देतंय, पण मला लागू नये इतपतच.

माझा हात पान्यावर होता. पाना कोमट होत चालला होता.

मी मान वर केली नाही. समोर, इंजिनाच्या पलीकडे, कोणी उभं आहे की नाही हे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर सांगितलं असतं.

मी विचारलं, "चुकलंय?"

पाना तसाच धरलेला.

मी डाव्या हाताने कंदील उचलला आणि पुन्हा मोजायला लागले. पहिल्यांदा मी फक्त खुणा बघितल्या होत्या. आता दोन कॅमच्या खुणांमधल्या कड्या मोजल्या. चौदा हव्यात. तेरा भरल्या. पुन्हा मोजल्या. तेरा. पट्टी बसवताना साखळीने आतल्या कॅमवर एक दात गिळला होता, आणि तिरक्या उजेडात रंगीत कडी मला बरोबर दिसली होती. मी, पाव नंबराची चूक हाताने ओळखणारी.

टेन्शनर परत दाबून पिन घातली. साखळी उचलली, एक दात पुढे बसवली. पिन काढली. चौदा.

पाना पुन्हा बोल्टवर चढवला. दाबला. अजून धरलेलाच होता.

"मिस्त्री," मी म्हटलं, "सोड आता. झालं बरोबर."

पाना हातात हलका झाला.

मी फिरवला. एक फेरा, दुसरा फेरा. व्हॉल्व्ह उघडत-मिटत गेले, कुठे घासलं नाही, कुठे अडलं नाही. खुणा एकमेकींसमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्या तोंडातून वाफ निघत होती आणि पाना पुन्हा गार झाला होता.

पुढचे दोन दिवस कोणी काही हातात दिलं नाही. झाकण बसवलं, मसाला सुकू दिला, पुली आवळली, तेल भरलं. बोल्ट पुठ्ठ्यावरून एकेक काढून लावले. एकही उरला नाही.

आठव्या दिवशी सकाळी मी वहिनीला बोलावलं. गाडीची किल्ली तिने फिरवायची, असं मी म्हटलं. ती उंबऱ्याशी थांबली. तिने पायांतल्या चपला बाहेर काढल्या, का ते तिलाच ठाऊक, आणि अनवाणी आत आली. स्टुलाकडे बघितलं नाही. गाडीत बसली, सीट पुढे ओढली, किल्ली फिरवली.

दोन सेकंद साखळी खडखडली. वरपर्यंत तेल चढलं आणि खडखड थांबली. मग फक्त इंजिनाचा एकसारखा, दबका आवाज. वहिनीने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मी गॅरेजचं दार सताड उघडलं, धूर जावा म्हणून.

गाडी बंद करून तिने विचारलं, "ताई, तुम्ही एकटीनेच केलंत?"

हो, मी म्हटलं. आयुष्यात मी तिच्याशी खोटं बोलले ते एवढंच.

पुढच्या महिन्यात तिने सहाही वस्त्या घेतल्या. रोज सकाळी गाडी निघायची, दुपारी उशिरा परत यायची. ती थोडी भरली, तोंडावर रंग आला. जेवताना पुन्हा लोकांच्या गमती सांगू लागली. मला वाटलं, सगळं मार्गी लागलं. दुकानात माझं काम साठलं होतं, त्यात मी बुडून गेले.

महिना संपताना एका रविवारी तिच्याकडे गेले. ती नुकतीच डोंगरावरून आली होती, नळाशी हात धूत होती. पहाटेपासून अडलेली बाई दुपारी मोकळी झाली, मुलगी झाली, दोघी छान आहेत, असं सांगत होती. मग सहज, पाण्याच्या आवाजात, म्हणाली की त्या बाईची सासू तिला रागावली. एवढा वेळ माणसाला गाडीत काय बसवून ठेवता, आत बोलवायचं नाही का, म्हणे. सासूने स्वतः नेऊन गाडीत चहा दिला. कप रिकामा परत आणला.

मी खांबाला धरून उभी होते. विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

वहिनीने नळ बंद केला. एकेक बोट नीट पुसलं.

"म्हटलं, पुढच्या वेळी साखर घालू नका. ह्यांना चालत नाही."